आयरिसच्या कंदाला पांघरूण नको

नमस्कार मंडळी. शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आणि यंदा पहिल्यांदाच दाढीवाले आयरिस, म्हणजे पाकळ्यांवर दाढीसारखी लव असणारी कंदाची फुलझाडं, लावलेल्या श्रोत्यांसाठी आज बोलणार आहे. ऑक्टोबर अर्धा झालाय, दंव कधीही पडेल. अशा वेळी हमखास एक प्रश्न येतो: पानं पिवळी पडलीत, कंद मेला का?

बहुतेक वेळा मेलेला नसतो. कंद लावला की बाहेरची जुनी पानं वाळतातच. तुम्ही पंख्यासारख्या पसरलेल्या पानांच्या मधोमध बघा. तिथं बोटभर तरी हिरवा कोंब असेल तर निर्धास्त राहा.

माझं माहेर सांगलीकडचं, हळदीच्या शेतातलं. आपल्याकडे हळदीचा गड्डा उघडा पडला की लगेच माती ओढायची, भरणी करायची, नाहीतर कंदमाशी लागते. हाच हात घेऊन मी इथं आयरिस लावले, दोन-तीन इंच खोल, वर पालापाचोळा. वसंतात उकरलं तर नुसता लगदा हाती आला. आयरिसचा कंदही हळदीसारखंच जमिनीतलं खोड आहे, पण त्याला पाठीवर ऊन लागतं. मुळं मातीत, पाठ उघडी, अशी त्याची बैठक. इथल्या भारी चिकण मातीत तर हे पाळायलाच हवं.

म्हणून या शनिवारी एवढं करा. पानांचा पंखा बुडाशी धरून हलकेच ओढा. घट्ट लागला तर नवी मुळं धरलीत, त्याला हातही लावू नका. डुलत असेल तर बाजूची माती सारून कंद दाबून बघा. कच्च्या बटाट्यासारखा टणक असेल, तर दोन्ही बाजूंना मुळं पसरून माती घट्ट बसवा आणि एकदाच पाणी द्या. लॉनचे स्प्रिंकलर तिथं पोहोचत असतील तर तेवढा भाग बंद करा. रोजचं पाणी हे कंदाचं मरण आहे.

बोट आत गेलं आणि घाण वास आला, तर ती कंदकूज. हळदीची कंदकूज बुरशीनं होते, ही जिवाणूंची. वास एकदा घेतला की विसरत नाही. कंद उपटा, कुजलेला भाग चमच्यानं पांढऱ्या टणक गरापर्यंत खरवडून काढा. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी, यात कंद बुडवून काढा, सुरीही धुवा. मग एक-दोन दिवस उन्हात कोरडा होऊ द्या आणि वाफ्यात जिथं पाणी थांबत नाही अशा उंचवट्यावर लावा. सगळाच मऊ झाला असेल तर कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

कंदात भोकं दिसली तर आयरिस बोरर नावाची अळी येऊन गेली असं समजा. तिचा पतंग शरद ऋतूत वाळक्या पानांवर अंडी घालतो, अळ्या वसंतात बाहेर पडतात. कडक दंव पडून गेलं की जुनी पानं गोळा करून फेकून द्या. या अळीवर मला तरी यापेक्षा साधा उपाय माहीत नाही.

आता थंडीचं. खरा त्रास नुसत्या थंडीचा नाही. जमीन गोठते, सैल होते, पुन्हा गोठते, आणि त्या हालचालीत नवा कंद वर उचलला जातो. असा वर आलेला कंद जोर लावून खाली दाबू नका, मुळं तुटतात. बाजूनं मूठ-मूठ माती किंवा वाळू लावा, हवं तर वर एखादा सपाट दगड ठेवा. झाकायचंच असेल तर जमीन पक्की गोठल्यावर, आणि तेही पाइनच्या फांद्यांनी, म्हणजे हवा खेळती राहते. मेपलची ओली पानं तिथं साचू देऊ नका.

मार्चमध्ये बर्फ गेला की दगड आणि फांद्या काढून घ्या. पहिल्या वर्षी फूल आलं नाही तरी उकरू नका, कंद आधी मुळांचं बघतो. नमस्कार.