गळणारी लघवी: सांगायचं काय, करायचं काय

(ज्येष्ठ नागरिकांपुढे दिलेलं व्याख्यान, संपादित)

आज पुरुषांच्या लघवीबद्दल बोलायचंय म्हणून मागच्या रांगेतल्या भगिनींनी उठून जायचं कारण नाही. धुण्याचे कपडे बहुधा तुमच्याच हातून जातात, त्यामुळे बातमी डॉक्टरांच्या आधी तुम्हाला कळलेली असते. पुरुष मात्र वर्षानुवर्षं बोलत नाहीत. गडद रंगाची पँट घालायला लागतात, एसटीचा प्रवास टाळतात, कीर्तनाला दाराजवळची जागा धरतात. शेवटी दवाखान्यात येऊन सांगतात काय, तर ‘लघवीचा जरा त्रास आहे’.

एवढ्यावर डॉक्टरला काही कळत नाही. कारण काहींना घाई होते: लागली की संडासाच्या दारापर्यंत थांबत नाही. लघवीची पिशवी भरलेली नसतानाच तिचा स्नायू आवळला जातो. काहींचं नेमकं उलट असतं. लघवीच्या नळीभोवतीची प्रोस्टेट ग्रंथी वाढून वाट अडलेली, पिशवी कधीच पुरती रिकामी होत नाही, आणि भरलेली टाकी वाहावी तशी थेंब थेंब लघवी येत राहते, झोपेतसुद्धा. हा माणूस म्हणतो, ‘मला लघवी फार होते.’ खरं तर त्याला नीट होतच नसते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर, विशेषतः कॅन्सरच्या, खोकलं किंवा वजन उचललं की गळतं, ते आणखी वेगळं.

पहिल्या प्रकारात पिशवी शांत करणारी गोळी देतात. तीच गोळी दुसऱ्या प्रकारात घेतली तर लघवी पूर्ण तुंबू शकते. म्हणून बागेतल्या मित्राची चिठ्ठी दुकानात दाखवून औषध आणू नका. सोनोग्राफीला गेलात की लघवी करून आल्यावर पुन्हा बघायला सांगा. पिशवीत किती उरली, हा आकडा माझ्या मते सगळ्यात मोलाचा. सोबत लघवीची आणि साखरेची तपासणी.

आणि तीन दिवसांची वही. एक मापाचं भांडं यासाठी वेगळं ठेवा (स्वयंपाकघरातलं नको!). किती वाजता गेलात, किती मिली झाली, कधी गळली, चहा-पाणी किती. चोवीस तासांच्या एकूण लघवीपैकी एक तृतीयांशाहून जास्त रात्री होत असेल तर दोष नुसत्या प्रोस्टेटचा नाही. दिवसा पायात उतरलेलं पाणी आडवं झाल्यावर रक्तात परततं आणि लघवीवाटे बाहेर पडतं. अशांनी दुपारी पाय उंच करून पडावं. बीपीसाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर तिची वेळ आधीची करता येईल का, डॉक्टरांना विचारावं. हृदय आणि घोरण्याचा आजारही तपासावा लागतो.

पाणी तोडू नका. लघवी दाट होऊन पिशवी आणखी चिडते, बद्धकोष्ठ होतं, त्यानं पुन्हा लघवीचा त्रास वाढतो. झोपायच्या आधीचे दोन-तीन तास कमी प्या, आणि संध्याकाळचा दुसरा चहा सोडा. हे सांगितलं की सभागृहात नेहमी कुरकुर होते.

लघवी धरून ठेवणाऱ्या स्नायूचा व्यायाम 1948 साली अरनॉल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी बायकांसाठी मांडला. पुरुषांनाही तो लागू पडतो. वायू रोखताना जो स्नायू आवळतो, तोच आवळायचा. श्वास चालू, पोट आणि नितंब सैल. पाच सेकंद आवळा, पाच सेकंद सोडा, असं दहादा, दिवसातून तीन वेळा. गुण यायला दोन-तीन महिने जातात; आठवड्यात सोडून देणाऱ्यांचीच संख्या जास्त. घाई झाली की धावायचं नाही. जागेवर उभं राहून तो स्नायू चार-पाचदा पटपट आवळा, कळ ओसरली की चाला. रात्री धावताना लघवी तर गळतेच, वर खुब्याचं हाड मोडतं. पलंगाशी युरीनचं भांडं ठेवण्यात कसली लाज?

लघवी करून चेन लावल्यावर चार थेंब पडतात, त्याला औषध नाही, युक्ती आहे. अंडकोशाच्या मागे बोटांनी दाबत पुढे आणा. नळीत राहिलेली लघवी निघून जाते. हसा, पण घरी करून बघा.

सर्दीच्या साध्या गोळ्यांनी तुंबल्याचे प्रसंग आम्ही पाहतो. प्रोस्टेटसाठी देतात ती टॅम्सुलोसिनची गोळी सुरू झाल्यावर एकदम उठलात तर चक्कर येऊ शकते. पिशवी शांत करणाऱ्या जुन्या गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, आणि आजोबा असंबद्ध बोलू लागले तर त्याही गोळ्यांवर संशय घ्या.

एक चिठ्ठी आलीय: ‘नातीच्या लग्नाला डायपर घालून जाऊ का?’ जरूर जा. फक्त आधी पिशवीत किती उरते ते बघून घ्या; तुंबलेली लघवी डायपरमागे लपते आणि मूत्रपिंडं बिघडतात. ओला डायपर वेळेवर बदला, कातडी धुऊन कोरडी करा. लघवीत रक्त दिसलं, थंडीताप आला तर त्याच दिवशी दाखवा. आणि लघवी अजिबात होत नाही, ओटीपोट फुगून दुखतंय, असं झालं तर सकाळपर्यंत थांबू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.