करंजीची मुरड आणि अठ्ठाविसावा दिवस

मला विषय दिलाय 'गर्भाचे पहिले बारा आठवडे' आणि वेळ दिलीय वीस मिनिटं. त्यातली सात नारळ-शालीत गेली. असो, शाल चांगली आहे.

आम्ही मिडवाइफरी शिकत होतो तेव्हा हे बारा आठवडे एका तक्त्यावर होते. तक्त्याचा खालचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, आणि तिसरा-चौथा आठवडा नेमका त्याच कोपऱ्यात! मग एक दिवस आमच्या ट्यूटरबाई डब्यातून करंजीचं पीठ घेऊन आल्या. लांबट पारी लाटली. म्हणाल्या, ही बाळाची पाठ समजा. दोन्ही कडा उचलून मध्यावर जुळवल्या आणि तिथून चिमटत एकदा डोक्याकडे गेल्या, एकदा शेपटाकडे. झाली नळी. हिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. डोक्याकडचं तोंड साधारण २५व्या दिवशी मिटतं, खालचं २८व्या. वरचं उघडं राहिलं तर कवटी बनत नाही, खालचं राहिलं तर पाठीला फट.

"आणि बाळ तेव्हा केवढं?" कुणी म्हणालं लिंबाएवढं, कुणी सुपारीएवढं. बाईंनी रुमालाच्या गाठीतून ज्वारीचा एक दाणा काढून टेबलावर ठेवला. आणि त्या दाण्यातलं हृदय २२व्या दिवसाच्या सुमारासच हलायला लागलेलं असतं. मी विचारलं, बाई, सारण कुठाय? उरलेला तास मी व्हरांड्यात काढला.

पेपरात मी लिहिलं, '२८वा दिवस म्हणजे पाळी चुकायचा दिवस.' लाल रेघ! हे दिवस गर्भधारणेपासूनचे. आपलं गरोदरपणाचं कार्ड मोजतं शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे दोन आठवडे आधीपासून. करंजी मिटते तेव्हा कार्डावर सहा आठवडे झालेले असतात आणि पाळी चुकून जेमतेम दोन.

आता माझं खरं दुखणं. रजिस्टरात शेवटच्या पाळीची तारीख बघा. एक तारीख, पंधरा तारीख, एक तारीख. सगळ्या गावाची पाळी पगारासारखी येते का? बाईला 'कधी चुकली?' असं विचारलंत तर ती चुकल्याची तारीख सांगेल आणि तुमचा महिना हुकेल. 'शेवटची आली कधी?' विचारा. ती म्हणेल, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. मग कालनिर्णय काढा, डोक्यानं मोजू नका. २०२२ला पोळा ऑगस्टअखेर होता. २०२३ला अधिक श्रावण आला आणि पोळा गेला १४ सप्टेंबरला. पोळा म्हणजे ऑगस्ट असं धरून बसलेल्या एका सिस्टरनं कार्डावर अडीच आठवड्यांचं बाळ वाढवून ठेवलं होतं. ती सिस्टर मीच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? दोन? बरं.

तर मुद्दा फॉलिक ॲसिडचा. १९२८मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचं रक्त का कमी होतं, याचा त्या शोध घेत होत्या. यीस्टच्या अर्कानं त्या बायका सुधारल्या. त्या अर्कातलं द्रव्य म्हणजे पुढे ओळखलं गेलेलं फॉलिक ॲसिड. १९९१मध्ये ब्रिटनमधून अनेक देशांत चालवलेल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. आधी अशी नळी उघडी राहिलेलं बाळ झालेल्या बायकांनी दिवस राहण्याआधीपासून फॉलिक ॲसिड घेतलं, तर पुन्हा तसंच होण्याचं प्रमाण जवळपास तीन चतुर्थांश घटलं. आधीपासून, हे ऐकलंत ना? आणि आपण ४०० मायक्रोग्रॅमची गोळी देतो नोंदणीला, दहाव्या आठवड्यात. करंजी तळून झाल्यावर मुरड घालायला बसतो. गृहभेटीला जाल तेव्हा नव्या सुनेला गोळी तेव्हाच द्या, सासूसमोर द्या, 'रक्ताची आहे' म्हणून द्या.

अध्यक्ष उठलेच. राहिलेले आठ आठवडे पुस्तकात वाचा.