सात मिलिमीटरची रात्र

(कोल्हापूर. राजारामपुरीतलं घर. टेबलावर जुना पृथ्वीगोल, शेजारी शिवणाचा डबा.)

आजींना लंडनला जायचंय. त्यांनी डब्यातून लाल दोरा काढलाय. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर. आता दोरा ताणतात तेव्हा नीट बघा. अरबी समुद्रावरून सरळ पश्चिमेला न जाता तो उत्तरेकडे सरकतो आणि कॅस्पियन समुद्रावरून जातो. सपाट नकाशावर हीच रेघ वाकडी दिसेल, पण गोलावर सगळ्यांत जवळची वाट हीच.

दोरा भरला सतरा सेंटिमीटर. गोलाचा व्यास तीस सेंटिमीटर, म्हणजे या सतराचे होतात साधारण 7200 किलोमीटर.

विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. फेब्रुवारी 2022 पासून युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना वाट बंद केली. वळसा पडला की तास वाढतात. त्यात वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर तो पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहतो. जाताना समोरून येतो, परतताना पाठीशी असतो, म्हणून लंडनहून येताना तासभर तरी वाचतो. तिकिटावरची वेळही निव्वळ उडण्याची नसते. विमान जागेवरून हललं की घड्याळ सुरू, पलीकडे जागेवर उभं राहिलं की बंद. असे सगळे मिळून जाताना साडेनऊ-दहा तास धरायचे.

(दोऱ्याचं टोक मुंबईवरून कोल्हापूरवर. आजींचं नख.)

आणि हे आमचं अंतर. सात मिलिमीटर, नखाएवढं.

(उजळाईवाडी, कोल्हापूरचा विमानतळ. नव्या टर्मिनलच्या कमानी. पंख्याचं विमान धावपट्टीवर.)

1939 साली छत्रपती राजाराम महाराजांनी या माळावर विमानतळ उभा केला. बहुतेक शहरांत विमानतळच नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. धावपट्टी 1370 मीटरची होती, ती 1930 झाली, पुढे 2300 करायचं ठरलंय. इथून मुंबई हवेतून सुमारे 310 किलोमीटर. विमान तासाभरात पोहोचतं. पण त्याची वेळ लंडनच्या विमानाशी जुळायला हवी. आजींच्या तारखेला ती जुळली नाही.

(रात्र. छत्रपती शाहू महाराज टर्मिनस. महालक्ष्मी एक्सप्रेस फलाटावर.)

रेल्वेने मुंबई 518 किलोमीटर. दहा-साडेदहा तास. सतरा सेंटिमीटरला जेवढा वेळ, तेवढाच या सात मिलिमीटरला. पुढे सकाळी सामान घेऊन दिवसभर थांबणं आलंच. मागच्या खेपेला गाडी रखडली, विमान चुकलं. नातवाचं बारसं आजींविना झालं.

आम्ही कोल्हापूरकर सहा महिने हेच मागतोय, कोल्हापूरच्या विमानाची वेळ मुंबईहून परदेशी जाणाऱ्या विमानांशी जुळवा. सामान इथेच एकदा द्यावं आणि थेट लंडनला घ्यावं. धावपट्टी वाढेल तेव्हा वाढेल, वेळापत्रक तर आत्ताही बदलता येतं.

(गाडीच्या डब्यात आजी. मांडीवर पिशवी.)

कांदा-लसूण चटणीचा डबा. झाकणाला चिकटपट्टीचे तीन वेढे, वर दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या. मोठ्या बॅगेत जाईल तो, पण मुंबईपर्यंत आजी जवळच ठेवणार.

गाडी हलली. वळिवडे गेलं. आता रुकडीजवळचा पंचगंगेचा पूल.

(फक्त पुलाचा आवाज.)