पावणेनऊचा रेडिओ

(दृश्य : लाकडी रेडिओ, डायलमागचा पिवळा दिवा)

बटण फिरवलं की आधी दिवा लागतो. व्हॉल्व्ह तापतात, जरा खरखर होते, आणि मग आवाज येतो. १ एप्रिल १९५५. रामनवमी, शुक्रवार. सकाळी पावणेनऊला पुणे आकाशवाणीवर गीतरामायणाचं पहिलं गाणं लागलं, ते अशाच रेडिओवर.

केंद्र सुरू होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी कवी ग. दि. माडगूळकरांना, म्हणजे गदिमांना, गळ घातली, वर्षभर चालेल असं काहीतरी लिहून द्या.

(दृश्य : कोरा कागद, दौत, लेखणी)

पहिलं गाणं लिहून झालं, संगीतकार सुधीर फडक्यांच्या, म्हणजे बाबूजींच्या, हाती गेलं आणि हरवलं. ध्वनिमुद्रणाची वेळ आली तरी कागद सापडेना. गदिमा संतापले, पुन्हा लिहिणार नाही म्हणाले. लाडांनी त्यांना खोलीत बसवलं आणि बाहेरून कडी घातली. पाव तासात गाणं पुन्हा कागदावर आलं : ‘स्वये श्रीरामप्रभू ऐकती’.

(दृश्य : हार्मोनियमवर बोटं)

बाबूजींनी चाल लावली भूप रागात, ठेका भजनी. सा, रे, ग, प, ध. पाचच सूर. आपला बाप समोर बसलाय हे ठाऊक नसलेली दोन पोरं भर दरबारात गातात, त्यांच्या तोंडी हेच सूर शोभतात.

पुढे दर शुक्रवारी नवं गाणं. त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून गाणी छप्पन्न झाली.

(दृश्य : फिरणारी तबकडी, सुई जवळून)

ही १९६५ची एचएमव्हीची तबकडी. दहा तबकड्यांचा संच, सगळा बाबूजींच्या आवाजात. घरोघरी पोचला तो हा आवाज, आणि तो थोरच आहे. पण रेडिओवरचं रामायण एकट्याचं नव्हतं. तिथे सीता माणिक वर्मांच्या आवाजात बोलायची, कौसल्या ललिता फडक्यांच्या. वसंतराव देशपांडे होते, राम फाटक, सुरेश हळदणकर, मालती पांडे, योगिनी जोगळेकर होत्या. व्हायोलिनवर प्रभाकर जोग. गीतरामायण म्हटलं की ही नावंही त्याच दमात घ्यायला हवीत.

पुढे पुस्तक निघालं, कितीतरी भाषांत अनुवाद झाले, गावोगाव कार्यक्रम झाले.

(दृश्य : पुन्हा रेडिओ. भिंतीवरचं घड्याळ, पावणेनऊ)

आता माणिक वर्मांची सीता ऐका. ‘निरोप कसला माझा घेता’.

(निवेदन थांबतं. गाणं.)