अहवाल गावात परत आला पाहिजे

(डिचोली तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय, पंचायतीचे सदस्य, शिक्षक आणि ग्रामस्थ मंडळी,

शिकवणे आणि संशोधन ही विद्यापीठाची दोन कामे सर्वांना ठाऊक असतात. तिसरे काम विस्तारकार्याचे, म्हणजे विद्यापीठाने आवाराबाहेर पडून समाजात जाण्याचे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ च्या धोरणात या कामाला पहिल्या दोन कामांच्या बरोबरीचे स्थान दिले. त्याच्या आधीच, १९६९ मध्ये, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी ३७ विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली होती. आणखी मागे गेलो तर १९२२ मध्ये रवींद्रनाथांनी लेनर्ड एल्महर्स्ट यांच्या साथीने शांतिनिकेतनाजवळच्या सुरूल गावी श्रीनिकेतनाचे काम उभे केले आणि शेती, आरोग्य व हस्तव्यवसाय यांना शिक्षणसंस्थेच्या अंगणात आणले. म्हणजे कल्पना जुनी आहे. आपल्या गोव्यात मात्र विद्यापीठच उशिरा आले. आपली महाविद्यालये आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली होती आणि गोवा विद्यापीठाचे काम १९८५ मध्ये सुरू झाले. त्यामुळे गाव आणि विद्यापीठ यांचा परस्परसंबंध आपल्याकडे अजून घडतो आहे, आणि तो कसा घडावा याबद्दल बोलण्याचा अधिकार गावालाही आहे, असे मी मानतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की विद्यार्थी गावात किती वेळा आले, किती झाडे लावली, किती फोटो निघाले यावरून विस्तारकार्याची किंमत ठरत नाही. ते निघून गेल्यावर गावाच्या हाती काय राहिले, यावरून ती ठरते.

राष्ट्रीय सेवा योजनेतल्या स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास काम करायचे असते आणि सात दिवसांचे एक निवासी शिबिर पूर्ण करायचे असते. शहरात वाढलेला मुलगा सात दिवस शाळेच्या वर्गात झोपतो, विहिरीचे पाणी शेंदतो, सकाळी गावच्या बायकांबरोबर पाटातला गाळ काढतो, तेव्हा त्याला आयुष्यभर पुरेल असे काहीतरी मिळते. हे मी कार्यक्रम अधिकारी म्हणून जवळून पाहिले आहे आणि त्याचे मोल मी कधीही कमी लेखणार नाही. पण ते शिक्षण विद्यार्थ्याचे आहे. सात दिवसांत गावाचा विकास होत नाही आणि तशी अपेक्षाही कोणी ठेवू नये. घोटाळा होतो तो शिबिरालाच ग्रामविकास म्हणण्यामुळे, कारण मग पुढचे काम करायला कोणी उरत नाही. उन्नत भारत अभियान २०१४ मध्ये आले, त्यात एका उच्च शिक्षणसंस्थेने किमान पाच गावांशी जोडून घ्यावे अशी योजना आहे. संस्थेचे नाव गावाशी जोडले गेल्यामुळे तुकडी बदलली तरी नाते टिकण्याची शक्यता निर्माण झाली, ही मला त्यातली सर्वांत चांगली गोष्ट वाटते.

आता खाजनांकडे येतो. इथून चोडणला गेले की खाजन शेती, म्हणजे नदीकाठच्या खाऱ्या जमिनीतली शेती, दिसते. गोव्यात अशी जमीन सुमारे १८ हजार हेक्टर असल्याचे सांगितले जाते. नदीच्या भरतीचे खारे पाणी बांध घालून अडवायचे आणि बांधातल्या मानशीची, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या मोरीची, लाकडी दारे अशी बसवायची की भरतीच्या दाबाने ती आपोआप मिटावीत आणि ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडावीत. चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांनी घातलेले हे बांध गावकारीने, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणाऱ्या गावकऱ्यांच्या संस्थेने, शेकडो वर्षे राखले. कूळ कायदा १९६४ मध्ये आला आणि पुढे १९७६ च्या दुरुस्तीने कसेल त्याला जमिनीचा हक्क मिळाला. तो न्याय आवश्यकच होता. मात्र बांध राखण्याची जबाबदारी कोमुनिदादीकडून (गावकारीचेच हे पोर्तुगीज नाव) कुळांच्या संघटनांकडे गेली, आणि जिथे संघटना दुबळी राहिली तिथे बांध फुटल्यावर वेळेवर बुजवला गेला नाही. एकदा खारे पाणी आत शिरून मुरले की शेत काही वर्षांसाठी हातचे जाते आणि मागून खारफुटी उगवते.

याच खाजनांत आपल्या पूर्वजांनी कोरगुट हे भात सांभाळले. कापणीनंतर जमीन नांगरून ढेकळे उघडी ठेवायची, म्हणजे मृगाच्या पहिल्या सरी ढेकळांतले मीठ धुऊन खाली नेतात आणि मग मोड आलेले बी फेकायचे. बी केव्हा फेकायचे हे शेतातले पाणी जिभेवर घेऊन ठरवणारी जुनी माणसे मी पाहिली आहेत. जुन्या गोव्यातल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी या कोरगुटमधून निवड करत ‘गोवा धान १’ आणि ‘गोवा धान २’ या क्षार सोसणाऱ्या जाती तयार केल्या. यात मूळ बी शेतकऱ्याचे होते आणि मिठाला पुरून उरणारे भात कोणते याची पहिली पारख त्याचीच होती. प्रयोगशाळेने त्या पारखीला मापाची जोड दिली आणि बियाणे परत शेतात पाठवले. मला वाटते, विस्तारकार्याचा याहून चांगला नमुना गोव्यात शोधायला लांब जावे लागणार नाही. ज्ञान वरून खाली येते ही समजूत इथे टिकत नाही. ते शेतातून निघाले, मोजले गेले आणि शेतात परतले.

परत येण्याचा हा टप्पाच पुष्कळदा गळतो. गावात प्रश्नावली घेऊन मुले येतात, ओसरीवर बसतात, चहा घेतात आणि घरात माणसे किती, गुरे किती, शौचालय आहे का, बचत गटात कोण आहे, असे सगळे विचारून जातात. त्या माहितीवरून प्रबंध होतो, गुण मिळतात, प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात जातो. पुढच्या वर्षी दुसरी मुले तीच प्रश्नावली घेऊन त्याच ओसरीवर येतात. घरच्या बाईने मग ‘गेल्या वर्षी सांगितले त्याचे काय झाले?’ असे विचारले तर त्यात तिचे काहीच चुकत नाही.

याला उतारा काय, हे सांगण्यासाठी याच तालुक्यातल्या एका गावचे काम थोडे तपशिलाने सांगतो. आपल्या भागात खनिजाच्या खाणी पाण्याच्या पातळीच्या खाली गेल्या, खड्डे कोरडे ठेवण्यासाठी पाणी उपसले गेले आणि आसपासच्या विहिरींवर त्याचा परिणाम झाला, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ चालू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केले. त्या काळात गावात एकच वाद होता. कोणी म्हणे विहिरींना पाणी परत आले, कोणी म्हणे काही फरक नाही, आणि दोघांकडेही नोंद नव्हती. महाविद्यालयाच्या भूगोलाच्या विद्यार्थ्यांनी गावच्या मुलांना बरोबर घेऊन एक साधे काम केले. सुंभाच्या दोरीला हातभर अंतरावर रंगाच्या खुणा केल्या, टोकाला वजन बांधले आणि प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर एक ठरावीक जागा चुन्याने रंगवली, म्हणजे माप नेहमी तिथूनच घेतले जाईल. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की दोरी चिमटीत धरायची, वर ओढून मोजायची आणि वहीत तारीख, विहीर आणि पाण्याची खोली लिहायची. विद्यार्थी एप्रिलच्या परीक्षांना गेले तरी गावची आठवी-नववीची मुले मोजत राहिली. पाणी सर्वांत खाली असते ते मे महिन्यात, आणि नेमके तेव्हा महाविद्यालय बंद असते. म्हणून वही गावातच राहणे गरजेचे होते.

ही वही पुढे ग्रामसभेत वाचली गेली. ग्रामसभा बहुधा रविवारी भरते, त्यामुळे विद्यार्थ्यांनाही येता आले. आकडे एका मुलीने मराठीत आणि अधूनमधून कोकणीत वाचून दाखवले, आणि तिच्या वाड्यातली विहीर आली तेव्हा एका वृद्ध गृहस्थांनी उठून, ‘ही विहीर वरच्या तळ्यावर जगते, तळ्यातला गाळ काढल्याशिवाय ती भरायची नाही’, असे सांगितले. विद्यार्थ्यांच्या नकाशात ते तळे नव्हते. दुसऱ्या दिवशी ते नकाशात आले आणि गाळ काढण्याचा ठराव पंचायतीच्या कामांच्या यादीत गेला. मोजमाप आणि अनुभव एका सभेत समोरासमोर आले तर काय होते, ते त्या दिवशी सगळ्यांनी पाहिले.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला, त्याखाली प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोकांनी लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची असते. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या नोंदवहीची कल्पना रुजवण्यासाठी आयुष्यातली अनेक वर्षे दिली. आपल्या कुळागरांतल्या, म्हणजे घराजवळच्या बागायतींतल्या, माड-पोफळी, मिरवेली आणि केळीच्या जाती, पावसाळ्यातल्या रानभाज्या, देवराईतली झाडे यांची नावे गावच्या बायकांना तोंडपाठ असतात आणि वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी त्यांना शास्त्रीय नाव जोडू शकतो. असे काम दोघांनी मिळून करावे यासाठी वेगळ्या योजनेची गरज नाही, कायदा आहे आणि माणसे आहेत. खोल्याची मिरची, हरमलची मिरची, मयड्याची केळी यांना भौगोलिक मानांकन मिळाले ते त्या-त्या गावच्या लागवडीची नोंद कागदावर नीट मांडता आली म्हणून. गावोगावच्या बागांत अशा आणखी जाती नोंदीवाचून पडल्या आहेत.

प्राध्यापकांच्या बाजूनेही थोडे बोलले पाहिजे. पदोन्नतीच्या वेळी शोधनिबंध मोजले जातात, गावात घालवलेले रविवार क्वचितच मोजले जातात. तरुण प्राध्यापकाला घर आहे, नोकरीची चिंता आहे. गावाच्या पाण्याविषयीचा अहवाल मराठीत लिहून ग्रामसभेपुढे मांडला, तर त्याला शोधनिबंधाइतकेच वजन मिळाले पाहिजे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसंपर्काचे श्रेयांक अभ्यासक्रमात आले आहेत, तेव्हा ही मागणी करण्याची वेळ आली आहे. श्रेयांक देतानाही अहवालाची प्रत गावात पोचल्याची पावती मागावी, एवढी एक अट घातली तरी पुष्कळ फरक पडेल. शिवाय शैक्षणिक वर्ष जूनमध्ये सुरू होते आणि शेतकऱ्याला तेव्हा मान वर करायला सवड नसते. क्षेत्रकार्य जूनमध्ये रेटण्याऐवजी सुगी उरकल्यावर, नोव्हेंबरपासून ठेवले तर लोक निवांत बोलतील.

आता गावाने काय करावे. महाविद्यालय आपल्याकडे येईल आणि विषय सांगेल म्हणून थांबू नये. आपला प्रश्न ग्रामसभेत ठरवावा, मग तो काजूच्या बागेत गवे आणि माकडे शिरण्याचा असेल, बंद पडलेल्या पाटाचा असेल किंवा बचत गटाच्या कोकमाला गिऱ्हाईक मिळण्याचा असेल. तो एका पानावर लिहून सरपंचांच्या सहीने जवळच्या महाविद्यालयाला एप्रिलमध्येच पाठवावा, कारण पुढच्या वर्षाच्या प्रकल्पांचे विषय त्या सुमारास ठरू लागतात. आणि या वाचनालयात एक कपाट त्यासाठी मोकळे करावे. आजवर या गावावर झालेल्या अभ्यासांच्या प्रती त्या-त्या महाविद्यालयाकडून मागवून तिथे ठेवाव्यात आणि नवी तुकडी आली की तिला आधी त्या वाचायला द्याव्यात. ग्रंथपालांशी मी सभेपूर्वी बोललो आहे, ते तयार आहेत. पहिली पत्रे या आठवड्यात जातील, आणि ज्यांच्या घरी अशा अभ्यासासाठी कोणी येऊन गेले असेल त्यांनी महाविद्यालयाचे नाव व साधारण वर्ष आज जाताना दाराजवळच्या वहीत लिहून ठेवावे.