कोराना नदीकाठची माणसं

श्रोतेहो, नमस्कार.

क्रोएशिया आणि बोस्निया या देशांच्या हद्दीवर कोराना नावाची एक नदी आहे. अफगाणिस्तान, पाकिस्तान, सीरियातून जीव मुठीत धरून निघालेली माणसं बोस्नियात पोचतात आणि तिथून क्रोएशियात, म्हणजे युरोपीय संघात, शिरू पाहतात. पकडलेल्या माणसाचं काय करायचं हे कायद्यात लिहिलेलं आहे. नाव नोंदवायचं, आश्रय मागतोय का ते ऐकायचं, नाही म्हणायचं तर कारण देऊन म्हणायचं. जिवाला धोका असेल तिथे निर्वासिताला परत धाडू नये, असं १९५१ चा निर्वासित करार सांगतो.

युरोप परिषद ही युरोपातल्या देशांची मानवी हक्कांसाठीची संघटना; तिची छळ प्रतिबंधक समिती ऑगस्ट २०२० मध्ये तिथे गेली. समितीचा अहवाल मी वाचला तेव्हा पुढचं पान उलटवेना. क्रोएशियाच्या पोलिसांच्या लाथा, दंडुके. अंगाजवळून झाडलेल्या गोळ्या. हात बांधलेल्या अवस्थेत नदीत फेकल्याच्या तक्रारी. काहींना अनवाणी, नुसत्या अंतर्वस्त्रांवर, काहींना तर विवस्त्र बोस्नियाकडे हाकललं होतं. समितीच्या पाहणीत लोकांच्या अंगावर मार खाल्ल्याच्या ताज्या खुणाही दिसल्या. बूट काढून घेतले की माणूस पुन्हा चालत येत नाही, मोबाइल फोडला की पुरावा उरत नाही. एकट्यादुकट्या शिपायाचा राग असा ठरवून वागत नाही.

नोव्हेंबर २०१७ ची गोष्ट तर ऐकवत नाही. एका अफगाण कुटुंबाला क्रोएशियाच्या पोलिसांनी रात्री शेजारच्या सर्बियाच्या दिशेनं रेल्वेरुळांवरून परत पाठवलं, असं त्या कुटुंबानं सांगितलं. गाडीखाली सहा वर्षांची मुलगी गेली. चार वर्षांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं क्रोएशियाला दोषी धरलं. मृत्यूची धड चौकशी झाली नाही, हेही निकालात आलं.

सरहद्द राखू नका असं माझं म्हणणं नाही. कुणाला आत घ्यायचं, कुणाला नाही, हे देशानं ठरवावं. पण ठरवण्याआधी समोरच्याला बोलू द्यावं, आणि हात तर उगारूच नये.

आपल्या सोलापूरला हे परकं वाटायचं कारण नाही. पूर्व भागात घरोघरी विचारा, कुणाचे आजोबा, कुणाचे पणजोबा तेलंगणातून पोटासाठी इथे आलेले. मागावर बसताना त्यांच्याकडे कोणता कागद होता? आणि बंदूकधारी सरकारपुढे माणसाचं काय होतं, हे १९३० च्या मार्शल लॉमध्ये या शहरानं सोसलेलं आहे.

जून २०२५ मध्ये मुंबईजवळ मीरा रोडला मुर्शिदाबादचा एक गवंडी पोलिसांनी धरला. घरच्यांनी कागदपत्रं पाठवली, तरी त्याला बांगलादेशात ढकललं गेलं. दोन-तीन दिवसांनी तो परत आला, कारण तो भारतीयच होता. बांगला बोलतो एवढ्यावर संशय घेतला, आणि न्यायाधीशासमोर कुणी उभंच केलं नाही.

तुमच्या कारखान्यात, बांधकामावर परप्रांतीय कामगार असतील. त्यांच्यापैकी कुणाला उचललं, तर कोणत्या ठाण्यात नेलं ते आधी विचारा. अटक केलेल्याला २४ तासांत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर करावं लागतं, हे राज्यघटनेचं कलम २२ आहे. कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो; जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे आणि १५१०० हा त्यांचा मदतीचा क्रमांक. लिहून घ्या, आणि कामगारांनाही लिहून द्या.