मुरुड ते सातारा, पायी

नमस्कार श्रोतेहो. टिकाऊ सुखाचा विषय निघाला की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात, आणि कर्वे आठवले की साताऱ्याची ती वाट. ती आधी सांगतो.

साल १८७५. दापोलीजवळचं मुरुड. सतरा वर्षांचा धोंडू, अंगानं किरकोळ, स्वभावानं बुजरा. त्याला सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि ती होती साताऱ्याला. दिवस पावसाचे. सोबतीला बरोबरची मुलं. निघाले पायी. शंभराहून जास्त मैल, बरं का. शंभराहून जास्त! मध्ये कुंभार्लीचा घाट. सह्याद्रीतला पाऊस ज्यांनी अंगावर घेतलाय, त्यांना वेगळं सांगायला नको. समोरची वाट दिसत नाही, पायाखालची माती धरत नाही. चार दिवस चालून पोरं साताऱ्यात पोचली. धोंडूजवळ वयाचा दाखला होता. परीक्षा समितीच्या अध्यक्षांनी मुलाकडे पाहिलं आणि ठरवलं, हा सतरा वर्षांचा दिसत नाही. दाखला असूनही परीक्षेला बसू दिलं नाही. एवढं चालून! पण गडी खचला नाही. पुढच्या वर्षी कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा पास झाला.

आजकाल दोन गल्ल्यांवरच्या शाळेतसुद्धा मुलांना स्कूटरवरून सोडतात. मला ते बघवत नाही. चालू द्या हो मुलांना, भिजू द्या थोडी.

असो. परीक्षा पास झाल्याचा आनंद कितीसा टिकतो? पेढे संपेपर्यंत. कर्व्यांना पुरून उरला तो दुसऱ्या वाटेवरचा आनंद. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडनं त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरी १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर, हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेला. दिवसभर फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचं, संध्याकाळी चिखल तुडवत हिंगणं गाठायचं, तिथं शिकवायचं, सकाळी पुन्हा कॉलेज. साताऱ्याची वाट स्वतःसाठी होती, हिंगण्याची दुसऱ्यांसाठी. पुन्हा सांगतो, साताऱ्याची स्वतःसाठी, हिंगण्याची दुसऱ्यांसाठी. कष्ट दोन्हीकडे सारखेच. पण दुसऱ्या वाटेनं त्यांना जन्मभर पुरेल असं काम दिलं. १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभं राहिलं. १९३६ मध्ये, वयाच्या ७८व्या वर्षी, त्यांनी खेड्यापाड्यांत प्राथमिक शाळा काढण्यासाठी नवं मंडळ सुरू केलं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, श्रोतेहो!

तुमच्याही गावात असं एखादं काम माणसावाचून अडलेलं असेल. वाचनालय संध्याकाळी उघडायला कुणी नसेल, आठवीच्या पोरांचं गणित कच्चं राहिलं असेल. या आठवड्यात एकदा जाऊन विचारून या. आणि जमलं तर चालत जा. नमस्कार.